सव्वा महिन्यानंतरचं तेल

"महिन्यातून दोनदा? तू काय बाळंतीण हाईस का?" सासूबाईंनी विचारलं. आधी हसू आलं, मग राग.

मैत्रिणींनो, गोष्ट साधी होती. दहा हंगाम मी ऊसतोडीला गेले. दसरा-दिवाळीच्या सुमाराला चकलांब्यातून टोळी निघायची, ती पाडव्याच्या आसपास परतायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, भाकरी-पाणी वेगळंच. आता मी गावातच असते, पण मान आणि कंबर अजून फडातच आहेत. म्हणून बाळंतिणींना तेल लावणाऱ्या मावशींना दर पंधरवड्याला यायला सांगितलं. शंभर रुपये आणि चहा, माझ्या रोजगारातून.

आपल्या अंगाला तेल कधी लागतं? बाळंतपणात. बाजेखाली शेगडी, कढत पाणी, सव्वा महिना. फडावर बाळंत झाली तर तेवढंही नाही. त्यातही हिशेब दुधाचा. सव्वा महिना सरला की वाटी फळीवर. दिवाळीच्या पाडव्याला मात्र नवऱ्याला तेल-उटणं लावून आपणच न्हाऊ घालायचं. (ओवाळणी मिळते, खोटं कशाला बोलू!) वाग्भटांनी आयुर्वेदात तेल रोज लावायला सांगितलंय. रोज! मी मोजलं, दोन बाळंतपणांचे अडीच महिने, एवढंच माझ्या वाट्याचं तेल.

बाकी वेळी दुखलं की गोळी खायची आणि कामाला लागायचं, कारण खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेल लावून ती वाचली असती असं मी म्हणत नाही, तेवढी भाबडी नाही. पण पिशवी काढायला घरचे कर्ज काढतात, आणि शंभर रुपयांच्या तेलाला 'थेरं' म्हणतात, याचा विचार कुणी करायचा?

एक सांगते. मावशींना मी पोट चोळू देत नाही. अंग बाहेर येत असेल, ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. एकच पोटरी सुजून गरम लागली तर तिला हातच लावू नका, दवाखाना गाठा.

सासूबाईंचं खरं दुखणं पैशाचं नव्हतंच. मावशी वेशीपलीकडच्या. बाळंतिणीला विटाळच असतो, तेव्हा त्यांचा हात चालतो. एरवी घरात कशाला, असं. मी ऐकलं नाही.

तिसऱ्या खेपेला मावशींना विचारलं, "तुम्हाला कोण लावतं?"

"मला गं कोण लावणार माय? शेवटचं बाळंतपण होऊन तीस वर्षं झाली."

त्यांना पालथं झोपवलं. खांदे लाकडासारखे. माझ्या हाताला सवय नाही, त्या हसत होत्या, "अगं जोर लाव." सासूबाई दारात उभ्या होत्या. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

आता असं ठरलंय: अमावास्येला त्या मला लावतात, पुनवेला मी त्यांना. म्हणजे माझं महिन्यातून एकदाच झालं, पण चालेल. तुमच्याकडे कसं आहे, कितीदा आणि कुणाच्या पैशाने, ते लिहून कळवा.