दोघांनीच गाडीत बसायचं!

आमच्या त्र्यंबकला अख्खा हिंदुस्थान येतो. तेलुगू बोलणारे, गुजराती, बंगाली, मारवाडी... कुणी नारायण नागबलीसाठी तीन दिवस मुक्कामाला येतं, कुणी नुसतं दर्शनाला. एकेक-दोन-दोन रात्री रेल्वेत काढून ही माणसं नाशिकरोडला उतरतात आणि तिथून बस धरून इथे येतात. त्यात तरुण जोडपीही असतात. पाठीवर ही भलीमोठी सॅक, पायांत बूट, हातात पाण्याची बाटली. ब्रह्मगिरी चढतात, कुशावर्ताच्या पायऱ्यांवर निवांत बसून राहतात, टपरीवर चहा पितात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला. आमच्या गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे टकामका बघतात आणि एकच प्रश्न विचारतात, "लग्न झालंय का गं यांचं?"

मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. सगळा देश आपल्या दारात येतो, मग आपण का कुठे जात नाही? आणि गेलोच, तर नवरा-बायको दोघंच का जात नाही?

बचत गटाच्या कामामुळे माझं तालुक्यातल्या गावांत, पाड्यांवर जाणं-येणं असतं. एकदा बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाल्यावर मी सहज विचारलं, "तुम्ही आणि तुमचे मालक, दोघंच, घराबाहेर मुक्कामाला शेवटचे कधी गेला होतात?" आधी खसखस पिकली. एकीनं तोंडाला पदर लावला. मग हळूहळू उत्तरं आली, आणि चार-पाच जणींचं उत्तर एकच होतं, दवाखाना! एक मावशी म्हणाल्या, "ताई, मुंबई मी पहिल्यांदा पाहिली ती ह्यांच्या आजारपणात. एकवीस दिवस आम्ही दोघंच होतो. तीस वर्षांत झालं नाही एवढं बोलणं त्या एकवीस दिवसांत झालं." मावशींचे मालक त्या दुखण्यातून उठले नाहीत.

मैत्रिणींनो, दवाखाना आपल्याला घराबाहेर काढेल याची वाट बघायची का? गुडघे धड आहेत, जिना चढताना दम लागत नाही, तोवर दोघांनी एकदा लांबच्या गाडीत बसावं, असं माझं अगदी ठाम मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय घरातच कोंडलेल्या असतो का? नाही. निवृत्तीनाथांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते आणि डोक्यावर तुळस घेऊन तीन आठवड्यांहून जास्त चालणाऱ्या बायका मी दरवर्षी बघते. पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत! १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर गाड्या बायकांनी भरून जातात. माहेर, बाजार, देवदर्शन, सगळं वाढलं. खूप चांगलं झालं. पण हे सगळं फिरणं घोळक्यातलं किंवा एकटीचं. लग्नाला गेलो की मी बायकांत, हे पुरुषांत. सहलीच्या बसमध्येही तेच. पुरुष पुढे गप्पा मारतात, बायका मागे अंताक्षरी खेळतात. शेगडी बरोबर असली तर विचारूच नका, काश्मीरलाही पोळ्या आपणच लाटायच्या.

नवरा-बायकोनं जोडीनं प्रवास करणं हे काही टीव्ही बघून आलेलं खूळ नाही. न्यायमूर्ती रानडे आणि रमाबाई काही काळ आपल्या नाशिकला होते. पुढे रानड्यांची नोकरी फिरतीची झाली आणि रमाबाई त्यांच्याबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडल्या. १८८६ मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी रानडे सिमल्याला आणि कलकत्त्याला गेले, तेव्हाही त्या बरोबर होत्या. कलकत्त्याला बंगाली वर्तमानपत्रावरून दोघांत बोलाबोली झाली. बाईंना बंगाली वाचता येईना, आणि साहेबांना तरी कुठे येत होतं? मग रानड्यांनी पुस्तकं आणून स्वतः अभ्यास सुरू केला. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला अक्षरं विचारली आणि मग बायकोला शिकवलं. एवढा मोठा न्यायाधीश, पण परमुलखात न्हाव्याचा विद्यार्थी! रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात हे सगळं आहे. तुमच्या वाचनालयात नक्की असेल, जरूर वाचा.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण आमच्या स्वतःच्या प्रवासात मला नेमकं हेच दिसलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मंगला एक्सप्रेसनं एर्नाकुलमला गेलो. दिल्लीहून निघणारी ही गाडी नाशिकरोडला थांबते आणि पुढे कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेनं केरळात उतरते. स्लीपरचं तिकीट, दोन सॅक. त्यातली एक मुलाची कॉलेजची, दुसरी मागून आणलेली. गाडी अपरात्रीची, म्हणून आदल्या संध्याकाळीच त्र्यंबकहून निघालो आणि वेटिंग रूममध्ये बसून राहिलो. आमचे हे सारखे म्हणत होते, "या वयात हे काय आपलं!" पण उजाडल्यावर कोकण सुरू झालं. बोगद्यामागून बोगदा, मध्येच खाली नदी, नारळ, कौलारू घरं. हे खिडकीला नाक लावून बसले ते दुपारपर्यंत हललेच नाहीत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. त्या अंधारात ह्यांनी माझा हात धरला. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर! (हे छापलेलं वाचून आता चिडतील, चिडू देत.)

एर्नाकुलमला उतरलो आणि खरी गंमत सुरू झाली. घरी कसं असतं? बँक, तलाठी, वीजबिल ह्यांना कळतं. स्वयंपाक, सणवार, नातीगोती मला कळतात. आपापल्या खोलीत दोघंही राजे. तिथे दोघांनाही काही म्हणता काही कळत नव्हतं. पाट्या मल्याळममध्ये, हिंदी कुणाला येतं, कुणाला नाही. मी खुणा करून बोलायची, हे नकाशा बघायचे. मी बोटीचं तिकीट काढलं, ह्यांनी लॉजच्या नळावर आपलं धोतर आणि माझी ओढणी धुतली. लॉजवाल्यानं आधार कार्ड मागितलं, तर माझ्या कार्डावर माहेरचंच नाव! हे गोंधळले. मी मोबाइलमधला लग्नाच्या दाखल्याचा फोटो काढून दाखवला, प्रश्न मिटला. परगावात दोघंही सारखेच अडाणी असतात, आणि एकमेकांना विचारल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. घरी शंभर वेळा सांगूनही जे होत नाही ते असं होतं. प्रवासाला जोडीनं जा म्हणते ते यासाठी, नुसती प्रेक्षणीय स्थळं बघण्यासाठी नव्हे.

त्याच कोचीत विजयन आणि मोहना हे चहाचं छोटं दुकान चालवणारं जोडपं होतं. रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे, कमी पडले तर कर्ज काढायचं, फिरून यायचं आणि चहा विकून कर्ज फेडायचं. असे पंचवीसहून जास्त देश त्यांनी पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये विजयन गेले, त्याच्या थोडेच दिवस आधी दोघं रशियाला जाऊन आले होते. कर्ज काढून फिरा, असं बचत गटवाली बाई कधीच सांगणार नाही. पण परदेश राहू द्या, आपल्या देशातली रेल्वे तर आपल्या ऐपतीत आहे.

पैशाचं म्हणाल, तर माहीत असायला हव्यात अशा काही गोष्टी. रेल्वेचं गोल प्रवासाचं तिकीट मिळतं, त्याला सर्क्युलर जर्नी तिकीट म्हणतात. जिथून निघालात तिथेच परत यायचं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. अंतर वाढत जातं तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मार्ग लिहून आधी रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करायचा आणि मग प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं. खटपट आहे, पण काशी-रामेश्वर एका फेरीत करायचं असेल तर कामाची आहे. रामेश्वरला जाणारा पांबनचा १९१४ चा जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांना बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये नवा सुरू झाला. आम्हाला आता तिकडेच जायचंय. आणि ज्यांना हौस भारी, त्यांच्यासाठी दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस आहेच. चार हजार किलोमीटरहून जास्त, तीन दिवसांपेक्षा जास्त गाडीतच!

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ देण्याची सोय आहे, तेव्हा वय लपवू नका! ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती धरून हिशेब करू नका. मे महिना आणि दिवाळी-छटपूजेचे दिवस टाळा. त्या गर्दीत स्लीपरमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि संडासापर्यंत जाणंही मुश्कील होतं. रात्री काही त्रास वाटला तर १३९ नंबर लक्षात ठेवा.

एक गोष्ट मी कडक सांगते. फोडणीची डबी, चाळीस दशम्या, लोणच्याची बरणी असं स्वयंपाकघर बांधून न्यायचं नाही. पहिल्या दिवसापुरतं घ्या, बास. पुढे स्टेशनवर उतरून चहा-नाश्ता आणायचं काम नवऱ्याचं, सामान राखायचं काम तुमचं. दुसऱ्या दिवशी उलटं.

सगळ्याच नवऱ्यांबरोबर जावं असं मी म्हणत नाही, हेही लिहायला हवं. जो घरी हात उगारतो, पिऊन येतो, त्याच्याबरोबर परमुलखात जाण्यात शहाणपण नाही, तिथे हाकेला माहेरही नसतं. अशा बायकांची कामं आमच्याकडे येतात, म्हणून सांगते. ज्यांचे मालक नाहीत, किंवा ज्यांनी लग्नच केलं नाही, त्यांनी बहिणीबरोबर जावं, मैत्रिणीबरोबर जावं, त्यात काही कमी नाही. माझा रोख आहे तो बऱ्या चालणाऱ्या संसारांवर. नवरा चांगला आहे, बायको चांगली आहे, आणि दोघं वीस-वीस वर्षं एका घरात राहून फक्त किराणा आणि पोरांच्या फीबद्दल बोलतात, त्यांच्यावर.

"लोक काय म्हणतील?" हा प्रश्न राहिलाच. म्हणतात ना! आम्ही परत आलो तेव्हा आळीतल्या काकूंनी विचारलंच, "कुठला नवस होता?" मी म्हटलं, "नवस नव्हता काकू, नुसतंच गेलो होतो." त्यांना ते खरं वाटलं नाही. सासूबाई सुरुवातीला गप्प गप्प होत्या. मग एके दिवशी दुपारी त्यांनी हळूच विचारलं, "समुद्राचं पाणी तिकडं पण खारटच का गं?" सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दोघांनी मिळून नाशिकच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आमच्या गटातल्या दोन जणींनी यंदा पोस्टात वेगळे पैसे टाकायला सुरुवात केली आहे. पाटीवर त्याचं नाव लिहिलंय, 'गाडी खातं'. एकीचे मालक अजून कुरकुर करतात, गाईचं दूध कोण काढणार म्हणून. दुसरीनं मला फोन करून विचारलं, "ताई, नऊवारीवर सॅक घेता येते का हो?" मी म्हटलं, घेता येते की! पदर कमरेला नीट खोचायचा, पट्टे थोडे सैल सोडायचे, आणि आधी घरातच चार पायल्या तांदूळ भरून अंगणात दोन फेऱ्या मारून बघायच्या.