पाठीचा कणा आणि लोकलज्जा

नवा गणवेश शिवायला टाकला की शिंपी माप घेताना क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "बेबीचा एक खांदा जरा वर दिसतो." स्कोलिओसिस नावाच्या विकाराचा, म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला आलेल्या वळणाचा, पुष्कळ घरांना पहिला पत्ता लागतो तो अशाच एखाद्या निमित्ताने. दुखणे बहुधा नसते, त्यामुळे मुलीची तक्रारही नसते. तक्रार सुरू होते ती घराची. वाकून बसतेस, दप्तर एकाच खांद्याला अडकवतेस, पालथी लोळत वाचतेस. वस्तुस्थिती अशी की, वाढत्या वयातील बहुसंख्य मुलांत या वळणाचे कारण वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेले नाही. दप्तर किंवा बसण्याची ढब हे ते कारण नव्हे, एवढे मात्र निश्चित. दहा ते सोळा वर्षे वयाच्या शंभर मुलांमागे दोघा-तिघांना हे वळण असते आणि ते जसजसे मोठे, तसतसे त्यात मुलींचे प्रमाण मुलांच्या कितीतरी पट. तेरा वर्षांच्या मुलीवर आजार कोसळतो तो असा आरोपासकट.

आपली भाषाही येथे तिच्या मदतीला येत नाही. ताठ कण्याचा माणूस म्हणजे बाणेदार, कणा नसलेला म्हणजे लाचार, हे आपण सहज बोलून जातो. पुराणांत मथुरेची कुब्जा आहे. कृष्णाने तिच्या पावलांवर पाऊल ठेवले, दोन बोटांनी हनुवटी उचलली आणि ती तत्क्षणी सरळ झाली. अष्टवक्राची कथा अधिक मार्मिक आहे. तेथे देह वाकडा झाला तो पित्याच्या शापाने. दोष पित्याचा होता, हे कथाकाराने लपवले नाही. आपल्या घरांतून मात्र तो लेकरावरच टाकला जातो.

आजच्या उपचारात तो कुब्जेचा क्षण नाही. वळण दहा अंशांच्या पुढे गेले की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. लहान वळणावर काही महिन्यांनी एक्स-रे काढून नुसते लक्ष ठेवतात. साधारण २५ ते ४० अंशांचे वळण असून मुलीची वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस येतो. बगलेखालून कमरेपर्यंत अंगाला आवळून बसणारे हे कडक प्लास्टिकचे कवच दिवसाचे अठरा तास किंवा त्याहून अधिक, वाढ थांबेपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षेही, वागवायचे असते. मुंबईच्या ऑक्टोबरात आत सुती बनियन घालून वर्गात सात तास बसणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरच्याने करून पाहावी. शिवाय ब्रेसचे मुख्य काम कणा सरळ करण्याचे नव्हे. वळण वाढू न देण्याचे आहे. एवढे सोसून पुढच्या एक्स-रेवर तोच आकडा दिसला, तर डॉक्टर समाधानाने मान हलवतात. अभ्यास केला की गुण वाढतात, असे ज्या वयाला आपण शिकवतो, त्याच वयाला काहीही न घडणे हे यश मानायला सांगायचे, हे सोपे नाही.

या यशाचे मोजमाप झालेले आहे. अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांनी केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वळण शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत पोहोचू न देण्यात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के यशस्वी ठरले, न वापरणाऱ्यांपैकी ४८ टक्के. ब्रेसमध्ये तापमान टिपणारे यंत्र बसवून तो खरोखर किती तास अंगावर होता हेही पाहण्यात आले. दिवसाला सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वापरणाऱ्यांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. ब्रेस उपयोगी आहे, हा याचा एक अर्थ. पण त्याविना निभावलेल्यांचे प्रमाणही निम्म्याच्या जवळ आहे आणि आपली मुलगी कोणत्या गटातली, हे आधी खात्रीने सांगता येत नाही, हा दुसरा. हा दुसरा अर्थ मुलीला सांगावा काय? "सांगितले तर ती घालणारच नाही," असे म्हणून बहुतेक आईबाप गप्प बसतात. ही चूक आहे. कडू औषध दटावून पाजता येते. ब्रेसचे पट्टे शाळेच्या स्वच्छतागृहात कोणीही सोडू शकतो. जो उपचार सर्वस्वी रुग्णाच्या मर्जीवर चालतो, त्यात रुग्णाला अर्धसत्य सांगणे हा व्यवहारदृष्ट्याही खोटा हिशेब आहे.

खरे विष कालवते ती लपवाछपवी. ब्रेस झाकायला ढगळ कपडे, मामाला नको सांगूस, शेजारी तर नकोच नको. डॉक्टरांपुढे मुलगी बसलेली असताना तिच्या डोक्यावरून प्रश्न जातो: "लग्नाला अडचण नाही ना येणार?" श्वासाविषयी किंवा वेदनेविषयी विचारण्याआधी हा प्रश्न येतो आणि ती तो ऐकते. उपचार न झालेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांना पाठदुखी इतरांहून जास्त होती, दिसण्याविषयीची खंतही होती. पण कामधाम व दैनंदिन जीवन यांत ते इतरांच्या फारसे मागे नव्हते. म्हणून उपचार नकोत असे नव्हे. छातीच्या भागातले मोठे वळण श्वासावरही परिणाम करू शकते. पण आयुष्य संपल्याची जी अवकळा घरावर पसरते, तिला या माहितीत आधार नाही.

ब्रिटनच्या राजघराण्यातील युजिनी या राजकन्येवर २००२ मध्ये, बाराव्या वर्षी, याच विकारासाठी शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडसर येथे झालेल्या विवाहात तिने मुद्दाम उघड्या पाठीचा पोशाख निवडला, तो व्रण सर्वांना दिसावा म्हणून. राजकन्येला स्थळे पाहत हिंडावे लागत नाही, हे खरेच. आपल्याकडे वधूचा फोटो कोणत्या बाजूने काढायचा याचाच खल होतो.

वळण साधारण पन्नास अंशांकडे गेले की शस्त्रक्रियेचा विचार होतो. सळ्या व स्क्रू बसवून मणके एकमेकांशी सांधले जातात. तेवढा भाग पुन्हा वाकत नाही. पाय गेले तर, ही भीती घरात कुजबुजली जाते, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारली जात नाही. विचारावी. मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया चालू असताना लक्ष कसे ठेवतात, हे तज्ज्ञ समजावून सांगू शकतात. शस्त्रक्रियेनंतर उंची थोडी वाढते, खांदे पुष्कळदा समपातळीत येतात आणि तरीही एखादी मुलगी आरशासमोर रडते. ही कृतघ्नता नव्हे. ओळखीचा देह एका दिवसात बदलला, याचे ते रडू आहे.

शाळेचा वाटा यात मोठा आहे. मुलीला पुढे वाकायला सांगून मागून पाहिले, तर एका बाजूच्या फासळ्या उंच दिसतात. सर्व शाळांतून अशी तपासणी सरसकट व्हावी काय, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण शंका आली तर पालकांना एकांतात सांगायला कोणाची हरकत नसावी. पी.टी.च्या तासाला चिठ्ठी आणून ही मुलगी कायमची बाकावर बसते. वास्तविक खेळासाठी ब्रेस काढण्याची मुभा डॉक्टर बहुधा देतात आणि व्यायाम तिला हवाच असतो. त्यासाठी आतून कडी लागणारी एक खोली, ब्रेस ठेवायला एक कपाट आणि पट्टे आवळून द्यायला तिने स्वतः निवडलेली एक मैत्रीण, एवढे वर्गशिक्षिकेने जमवून दिले तर पुढच्या तासाला ती मैदानावर असेल.