प्रोजेक्टची दिशा बदलायची वेळ आली तर?

ग्रुप प्रोजेक्टचा अर्धा वेळ संपलाय आणि कुणीतरी म्हणतं, "आपण भलतीच वस्तू बनवतोय." तुमच्या घरात डिझाइन किंवा इंजिनिअरिंग शिकणारं कुणी असेल, तर ही कटकट तुम्ही ऐकली असेल. अशा वेळी मुलांना पुढची गोष्ट जरूर सांगा.

२००७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेन चेन, लायनस लियांग, नागानंद मूर्ती आणि राहुल पणिक्कर यांच्या गटाला काम मिळालं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवायचं. नेहमीच्या इन्क्युबेटरची किंमत तेव्हा सुमारे २० हजार डॉलर होती.

लायनस नेपाळला गेला. तिथल्या हॉस्पिटलात इन्क्युबेटर होते, पण रिकामे! बाळं जन्मत होती दूरच्या खेड्यांत आणि हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हती. मग मशीन स्वस्त करून कुणाचा जीव वाचणार?

गटाने दिशा बदलली. डॉक्टरांऐवजी खेड्यातली आई डोळ्यांसमोर ठेवली. त्यातून तयार झाली बाळाची छोटी उबदार झोळी, 'एम्ब्रेस'. तिच्यात मेणासारख्या पदार्थाचं पाकीट असतं. ते एकदा तापवलं की काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब राहते. तेवढा वेळ वीज लागत नाही.

पुढे भारतातल्या एका आईने सांगितलं, "डॉक्टरांनी ३७ सांगितलं तर मी ३० वरच ठेवेन, जास्त नको." मग आकडे काढून फक्त 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' दाखवणारी खूण ठेवली.

आपल्या जयपूरचंच पाहा ना! डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपूर फूट घडवला. परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. आपली माणसं मांडी घालतात, उकिडवी बसतात, अनवाणी शेतात जातात. म्हणून त्यांनी रबराचा लवचीक पाय केला.

तेव्हा मुलांना सांगा, भांडत बसू नका. खेळणं असो वा दप्तर, ते वापरणाऱ्या चार-पाच मुलांकडे जा. त्यांच्या हातात मॉडेल द्या आणि गप्प बसून पाहा. जे दिसलं ते लिहून सरांना दाखवा. दिशा बदलण्यासाठी याहून भक्कम कारण नाही, आणि आधीच्या कामातलं शिकलेलं पुढेही उपयोगी पडतंच.