घराबरोबर काय येतें?

आमच्या एका आप्तांनीं गेल्या वर्षीं लोह्यास जुना माळवदी वाडा खरेदी केला. विकणारे परके नव्हेत. दोन्हीं घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा. गृहप्रवेशाच्या दिवशीं पाहतात तों माजघरांतील झोपाळा नाहीं, आडावरची मोटार नाहीं आणि देवघराच्या सागवानी दाराच्या जागीं नुसती चौकट! विकणारे म्हणाले, "आम्हीं वाडा विकला, आजोबांनीं करविलेलें दार नव्हे." घेणारे म्हणाले, "दारावांचून देवघर कसलें?" त्या संक्रांतीस या घरचा तिळगूळ त्या घरीं गेला नाहीं.

आपल्या भाषेनें हा भेद पूर्वींच केला आहे. राहतें तें स्थावर, हलतें तें जंगम. अडचण एवढीच, कीं घरांतील कित्येक वस्तु जन्मानें जंगम असून संसारानें स्थावर झालेल्या असतात.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें आठवें कलम याविषयीं स्पष्ट आहे. निराळें ठरलें नसेल, तर घराबरोबर त्याचे वहिवाटीचे हक्क आणि कुलपें, किल्ल्या, अडसर, दारें, खिडक्या व घराच्या कायम उपयोगासाठीं केलेल्या इतर सर्व वस्तु घेणाराकडे जातात. तेव्हां दाराचा न्याय आमच्या आप्तांकडे लागतो. वस्तु खिळ्यानें ठोकली आहे एवढ्यानें मात्र भागत नाहीं. ती घराच्या कायम सोयीसाठीं ठोकली कीं काय, हें पाहावयाचें. भिंतींतलें फडताळ, जमिनींत पुरलेलें उखळ, अंगणांतील बांधीव तुळशीवृंदावन हीं घराचीं. जातें, पाटा-वरवंटा, खुंटीवरची तसबीर हीं माणसांचीं. तुळईंत बसविलेल्या कड्या घराच्या. पण त्यांस अडकविलेला झोपाळा? येथें दोन वकील दोन मतें देतील. मोटार, पंखे, गीझर यांचेंही तेंच. शिवाय भाडेकऱ्यानें स्वतः बसविलेली वस्तु, निराळा करार नसल्यास, जागा पूर्ववत् करून त्यास नेतां येते. म्हणून घरांत भाडेकरी असल्यास त्यासही विचारावें.

लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या यात्रेंत बैल घेणारा दांत पाहिल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. आपण मात्र घर घेतांना भिडेखातर गप्प बसतों! विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत जमिनीच्या व्यवहारास शेजाऱ्यांची अनुमति सांगितली, ती पुढें सीमेचा तंटा उद्भवूं नये म्हणून. तोच विवेक येथें ठेवावा. इसार देण्यापूर्वीं उभयतांनीं मिळून ओटीपासून परसापर्यंत फिरावें. राहणार काय व जाणार काय यांची यादी करावी. ती इसारपावतींत व पुढें खरेदीखतांतही घालावी. लेखी ठरलें म्हणजे तेंच प्रमाण.

मागाहून आम्हांस कळलें, कीं त्या दारावरील वेलबुट्टी आजोबांनीं स्वतःच्या हातानें कोरली होती. आमचे आप्त हळहळून म्हणाले, "आधीं सांगतें, तर आम्हींच तें उतरवून त्यांच्या घरीं पोंचतें केलें असतें." न्यायालयांत गेल्यास दार कदाचित् परत मिळेल, पण तिळगूळ? तो यादी करतांनाच राखावयाचा असतो.