दिल्लीतली बोलणी आणि ओसरीतला कापूस



या खेपेच्या टपालात एका भगिनीचे पत्र आहे. नाव-गाव छापू नका असे तिने लिहिले आहे, म्हणून छापत नाही. ती लिहिते, ‘आमच्या घरी जेवायला बसले की अमेरिकेचा विषय निघतो. मालक रात्री उशिरापर्यंत मोबाइल कानाशी धरून बातम्या ऐकतात. करार झाला म्हणतात, अडला म्हणतात, पुन्हा बोलणी आहेत म्हणतात. मुलाची फी आता भरावी की थांबावे, एवढेही घरात ठरत नाही. आपण शिकलेले आहात, काय होणार ते सांगा.’

ताई, काय होणार ते मी सांगणार नाही. २०२५ साली एकदा सांगून बसलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घराने मोजली. आज तीच हकिकत लिहितो.

आधी त्या वर्षी काय घडले ते नीट पाहू, कारण पुष्कळांच्या मनात त्याची खिचडी झालेली आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात व्यापार कराराची बोलणी चालू होती. पाच फेऱ्या झाल्या होत्या. गाडी रुतली ती मुख्यतः शेतमाल आणि दूध यांच्यावर. त्यांना त्यांचा मका, सोयाबीन आणि दुधाचे पदार्थ इकडे मोकळेपणी पाठवायचे होते, आपले सरकार त्याला तयार नव्हते. ७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. रशियाकडून आपण तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के २७ ऑगस्टपासून लावले. म्हणजे आपल्याकडे घरोघर गणपती बसले त्याच दिवशी शुल्क ५० टक्क्यांवर गेले. बोलणीची सहावी फेरी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीत व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली.

आता हे शुल्क भरतो कोण? आपण नाही. तिकडचा माल मागवणारा व्यापारी आपल्या सरकारला भरतो. पण शंभर रुपयांचा सदरा त्याला दीडशेला पडू लागला की तो आपल्याला सांगतो, ‘भाव उतरवा, नाहीतर मी दुसऱ्या देशातून घेतो.’ तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यांना पहिला चटका बसला तो असा. आपल्या तयार कपड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका आहे. कारखान्याने सूत कमी उचलले की सूतगिरणी गाठी कमी उचलते, गिरणी थांबली की जिनिंगवाला हात आखडतो, आणि जिनिंगवाल्याचा आखडलेला हात शेवटी तुमच्या गाडीपर्यंत येतो. साखळी खरी आहे, ती मी नाकारत नाही.

कापसाला दुसरा धक्का मात्र घरातूनच बसला. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हटले, मग २८ ऑगस्टला ती सूट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे आपली वेचणी सुरू होऊन बाजार भरतो नेमके ते महिने. जी परदेशी गाठ गिरणीला १११ रुपयांना पडली असती ती १०० ला पडू लागली. सीसीआयनेही मग आपल्या गाठींचे विक्रीदर उतरवले. सोयाबीनवाल्यांचे दुखणे तर याहून जुने होते. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले होते. त्या दिवशी आपण पेरणीच्या घाईत होतो, पारावर त्याची चर्चा झालेली मला आठवत नाही. अमेरिकेच्या नावाने छाती धडधडते, आणि घरच्या दारातून बाहेर गेलेले लक्षातही येत नाही, असा आपला स्वभाव आहे. माझाही आहे.

पोळा २२ ऑगस्टला होता. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी मारुतीच्या पारावर बैल सजून उभे होते, झुली होत्या, बाशिंगे होती, आणि माणसे मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती. पाच एकर पऱ्हाटी असलेला एक शेतकरी माझ्याजवळ आला. त्याने विचारले, ‘साहेब, हा करार होईन का नाही? आमच्या कापसाचं काय?’

भोवती पंधरा-वीस माणसे. साहेबाला काही माहीत नाही असे कसे दिसू द्यायचे? मी म्हणालो, ‘दोन्ही देशांना गरज आहे. दिवाळीपर्यंत होऊन जाईल. धीर धरा.’

कशावरून म्हणालो? कशावरूनही नाही. वर्तमानपत्रात कोणाचा तरी अंदाज वाचला होता, तो माझ्या तोंडून सरकारी शिक्क्यासारखा बाहेर पडला. बंधूंनो, पस्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला होता. डिसेंबर १९९१ मध्ये गॅट संघटनेचे प्रमुख आर्थर डंकेल यांचा मसुदा आला, तेव्हा मी कृषि महाविद्यालयात होतो. गावोगाव बोलले जाई की आता घरचे बियाणे ठेवता येणार नाही, ठेवले तर कंपनी खटला करील. शरद जोशी खुल्या बाजाराच्या बाजूने बोलत होते, कर्नाटकातले प्रा. नंजुंडस्वामी कडाडून विरोध करीत होते, आणि वसतिगृहात आम्ही रात्र-रात्र भांडत होतो. सुट्टीत घरी गेलो तर वडिलांनी विचारले, ‘ज्वारीचं बी ठेवायचं का नाही यंदा?’ मी मोठा आव आणून भाषण दिले. त्यांनी ऐकून घेतले आणि कणग्याजवळ जाऊन नेहमीप्रमाणे बियाणे राखेत घोळून ठेवले. पुढे एप्रिल १९९४ मध्ये करारावर सह्या झाल्या, १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, आणि आपल्या देशाने २००१ मध्ये जो कायदा केला त्यात शेतकऱ्याने आपले बियाणे राखावे, पेरावे, अदलाबदल करावे, विकावे हा हक्क लिहिलेला आहे. फक्त कंपनीच्या नावाच्या पिशवीत भरून ते विकता येत नाही. वडिलांना यातले काही ठाऊक नव्हते. राख मात्र ठाऊक होती.

तर पोळ्याच्या त्या गावाकडे परत येऊ.

त्या शेतकऱ्याने माझे वाक्य घरी नेले. त्याच सुमारास सीसीआयची हमीभावाने विक्रीसाठी मोबाइलवर नोंदणी सुरू झाली होती, ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर. आधार, सात-बारा आणि कापसाच्या पेऱ्याची नोंद लागत होती. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल होता. त्याने मनाशी म्हटले, साहेब म्हणतात दिवाळीला करार होतो, मग भाव त्याच्याही वर जाईल, कशाला त्या नोंदणीच्या मागे लागायचे? शिवाय त्याचा सात-बारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर होता. ई-पीक पाहणीही केलेली नव्हती. तलाठ्याकडे चार चकरा माराव्या लागल्या असत्या, त्या मारल्या नाहीत. मोबाइल मात्र रोज चालू होता.

सप्टेंबरात पावसाने काय केले ते तुम्ही विसरला नसाल. ऑक्टोबरात पहिली वेचणी झाली तेव्हा बोंडे अजून ओली होती. घरच्या बाईने म्हटले होते की हा कापूस वेगळा ठेवा, ताडपत्रीवर पसरू, चार उन्हे दाखवू. पण दिवाळी दारात होती, कृषिकेंद्रवाल्याची उधारी होती. खेडा खरेदीवाला अंगणात आला. त्याने कापूस मुठीत दाबला आणि म्हणाला, ‘अमेरिकेनं माल बंद केला आहे. आज ६,४०० देतो, पुढच्या आठवड्यात विचारू नका.’ नऊ क्विंटल गेला. ५७,६०० रुपये हातात आले.

मी नंतर बसून हिशेब केला. कापसात साधारण १६ टक्के ओल असावी असे धरू. तो १२ टक्क्यांवर वाळवला तर नऊ क्विंटलचा साडेआठच भरला असता, वजनाची ही घट धरायलाच हवी. सीसीआय ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात करते, आणि १२ च्या वर घेत नाही. म्हणजे लांब धाग्याला १२ टक्के ओलीवर ७,७८५ रुपये. साडेआठ क्विंटलचे ६६,००० च्या वर झाले असते. आठ-साडेआठ हजारांचा फरक. यातला अमेरिकेचा भाग किती? काही असेल. पण ताडपत्री, चार उन्हे आणि सात-बाऱ्यावरचे नाव यांचा भाग त्याच्यापेक्षा मोठा होता.

दिवाळी झाली. करार झाला नव्हता. मी त्या गावी गेलो तेव्हा नवरा घरी नव्हता. बाईने पाणी दिले, चहा ठेवला आणि चुलीकडे पाहत विचारले, ‘साहेब, तुम्ही पोळ्याले दिवाळी सांगतली, ते कोणत्या हिशोबानं?’

रागाने नाही, साधेच विचारले. मी चहा घेतला, आणि उत्तर नाही म्हणून सांगितले. नोकरीत पुष्कळांनी मला खडसावले आहे, पण इतके अवघडलेपण कधी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याला घेऊन तलाठी कार्यालयात गेलो, वारस नोंदीचा अर्ज दिला. नोंदणीची मुदत पुढे वाढली होती म्हणून निभावले. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीचा कापूस त्यांनी डिसेंबरात हमीभावाने घातला. पहिले नऊ क्विंटल गेले ते गेलेच.

पत्र लिहिणाऱ्या ताई, आता तुमच्या घराविषयी. मालकांना बातम्या ऐकू नका म्हणून उपयोग नाही, ऐकाव्यात. पण ऐकल्यावर विचारायला लावा की हे झाले आहे की होणार म्हणतात? कोणत्या तारखेपासून? आणि कोणत्या मालावर? नाशिककडचे माझे एक नातेवाईक द्राक्षबागेच्या काळजीने रात्रभर झोपले नव्हते. आपल्या द्राक्षांचे मोठे गिऱ्हाईक युरोप आहे, हे ते घाबरण्याच्या भरात विसरले. दुधाविषयीही तसेच. अमेरिकेचे दूध येऊन आपली डेअरी बंद पडणार असे २०२५ मध्ये पुष्कळांनी ऐकले, पण त्या वर्षी ते दार उघडले गेले नाही. जनावराला मांसाचे खाद्य घातलेले नाही असा दाखला आपला देश मागतो, आणि भांडण त्यावरही होते. नंतरही शुल्काचे आकडे फिरत राहिले आहेत. मी ते इथे छापत नाही, कारण अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते शिळे होतात.

आणखी एक गोष्ट जिनिंगवाले बोलत नाहीत. एक क्विंटल कापसातून रुई निघते सुमारे ३४ किलो, बाकी साठ किलोंच्या वर सरकी. रुईवर जगाच्या बाजाराचा वारा लागतो. सरकीला तेल आणि ढेप यांचे गिऱ्हाईक आपल्याच तालुक्यात आहे. खेडा खरेदीवाला ‘अमेरिका, अमेरिका’ करू लागला की त्याला सरकीचा आजचा भाव विचारा. तो जरा थबकतो, हे मी पाहिले आहे.

वेचणी दंव उडाल्यावरच करा. पावसात भिजलेला आणि कवडीचा कापूस चांगल्यात मिसळू नका. प्लॅस्टिकच्या पोत्यात दाबून भरू नका, त्याचे धागे रुईत जातात आणि ओलही आत कोंडते. वाळला की नाही हे पाहायला यंत्र नसेल तर जुनीच रीत आहे, सरकी दाताखाली धरा, कट्‌ असा आवाज झाला पाहिजे. सगळा माल एका दिवशी विकू नका. आणि मुलाची फी, ताई, भरून टाका. कॉलेजची तारीख कोणत्याही करारासाठी थांबत नाही.

राहिला सात-बारा. आजच काढून पाहा, वर कोणाचे नाव आहे आणि खाली कोणते पीक लागले आहे. सासऱ्यांचे किंवा आजे-सासऱ्यांचे नाव असेल तर वारस नोंदीला कोणकोणते कागद लागतात, आणि तलाठ्याने अर्ज घेतला नाही तर पुढे कुठे जायचे, ते पुढच्या अंकात सविस्तर लिहितो. ज्यांचा अर्ज सहा महिन्यांहून जास्त दिवस पडून आहे त्यांनी अर्जाची तारीख पोस्टकार्डावर कळवावी. पोच घेतलेली नसेल तर तेही लिहावे.