ओळख पुस्तकांची : आपल्या शेजारची पुस्तकं

दोस्तांनो, पुस्तकं म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या गोष्टी, असं वाटतं ना तुम्हाला? गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, चिचगडसारख्या रानातल्या गावात राहणाऱ्यांना तर हमखास वाटत असेल. मग आज शेजारापासूनच सुरुवात करू.

चिचगडच्या पश्चिमेला नवेगावबांध. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. त्यांचं आत्मचरित्र ‘चकवा चांदण’. रानातली माणसं कोणत्या पक्ष्याला काय म्हणतात, हे ते वहीत टिपून घेत. कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ हा सुंदर शब्द त्यांनीच दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. पुस्तक जाडजूड आहे, पण बिचकू नका. आधी नवेगावबांधचा भाग काढून वाचा!

चिचगडहून दक्षिणेला गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो. त्याच्या दक्षिण भागात हेमलकसा. १९७३ पासून तिथे माडिया गोंडांमध्ये काम करणाऱ्या डॉ. प्रकाश आमटे यांच्या आठवणी म्हणजे ‘प्रकाशवाटा’. वीज नाही, रस्ता नाही, पेशंटची भाषा येत नाही. अशा ठिकाणी दवाखाना उभा राहिला कसा? सरळ, सोप्या भाषेत सांगितलंय. सातवी-आठवीतल्यांना सहज वाचता येईल.

आता थोडं लांब जाऊ. विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघाले होते दक्षिणा मिळवायला, आणि सापडले थेट बंडाच्या धामधुमीत! झाशीला इंग्रजांचा वेढा पडला, तेव्हा ते शहरातच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. भाषा जुनी आहे, म्हणून आईबाबांनी मोठ्याने वाचून दाखवावा.

आणि मोठ्या मुलांसाठी विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी. लढाई खरी, १४ जानेवारी १७६१ची. पण पात्रांच्या तोंडचं बोलणं बरंचसं लेखकानं रचलेलं. म्हणून वाचताना एक प्रश्न विचारत जा: लिहिणाऱ्याला हे कसं कळलं? डोळ्यांनी पाहिलं, कुणाकडून ऐकलं, की मनानं रचलं?

जाता जाता एक काम. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. त्यांचं नाव तरी राहिलं. आपल्या भागात गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. तुमच्या गावचा कोणी खणला? कुठल्या पुस्तकात सापडेलच असं नाही. पण आजीला, आजोबांना कदाचित ठाऊक असेल. आजच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचं नाव लिहा. ते सांगायला आहेत, तोवरच ही गोष्ट मिळेल.

काय मग, कोणतं पुस्तक आधी घेणार?