उघडा कोड, चोख धंदा

जे सॉफ्टवेअर कुणीही एक पैसा न देता उतरवून घेऊ शकतो, त्यावर कंपनी उभी राहते तरी कशी? आणि आज उभी असली, तरी उद्या असेल कशावरून? रायपूरच्या उत्तरेला, भनपुरी-बीरगावला लागून असलेल्या उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत ओपन सोर्सचा विषय काढला की हे दोन प्रश्न ठरलेले. विचारणारे भोळे नाहीत. भट्टीतला बर्निंग लॉस, म्हणजे जळून वाया जाणारा माल, थोडा जरी वाढला तरी महिन्याचा नफा आटतो, अशा धंद्यात त्यांनी आयुष्य काढलेलं आहे. त्यांना ‘जग बदलतंय’ असलं उत्तर देऊन चालणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ओपन सोर्सवर उभी राहिलेली कंपनी जबाबदारी विकते. कोड हे तिच्या जबाबदारीचं उघडं ठेवलेलं दप्तर असतं. ग्राहकाला कधीही उठून जाता येतं, म्हणूनच हा धंदा बंद सॉफ्टवेअरच्या धंद्यापेक्षा अधिक चोख राहतो. आणि ग्राहकाचा हा जाण्याचा हक्क कंपनीनेच काढून घेतला, तर तिच्यावर विश्वास ठेवण्याचं कारणही संपतं.

पहिला आक्षेप असा की कृती उघडी केली की धंदा संपला. हे उरल्यात बसून कुणी म्हणावं याचं मला नवल वाटतं. इथल्या रोलिंग मिलमधून निघणारी सळई आयएस १७८६ या मानकाप्रमाणे बनते. त्यात कार्बन किती, गंधक किती, ताण किती सोसला पाहिजे, हे सगळं छापलेलं आहे आणि कुणालाही वाचता येतं. तरीही शेजारीशेजारी मिल चालतात आणि ठेकेदार ठरावीक मिलचाच माल मागतो. तो पैसे देतो ते हीटगणिक, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक ओतणीगणिक, केलेल्या तपासणीचे, वेळेवर लागलेल्या गाडीचे आणि माल वाकडा निघाला तर फोन उचलणाऱ्या माणसाचे.

सॉफ्टवेअरमध्ये हेच घडल्याचा सर्वांत मोठा दाखला रेड हॅटचा. १९९३ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या लिनक्स प्रणालीचा सोर्स कोड उघडा होता. इतका, की त्यावरून तयार केलेली सेंटओएस ही जवळजवळ तशीच प्रणाली २००४ पासून फुकट मिळत होती. पहिल्या आक्षेपाप्रमाणे रेड हॅट तेव्हाच बुडायला हवी होती. उलट २०१२ च्या आर्थिक वर्षात तिची उलाढाल १ अब्ज डॉलरच्या वर गेली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. बँका आणि दूरसंचार कंपन्या तिला पैसे देत होत्या ते एका आवृत्तीची दहा वर्षं निगा राखण्यासाठी, सुरक्षेतली भोकं वेळच्या वेळी बुजवण्यासाठी, अमुक सर्व्हरवर ही प्रणाली चालेलच या खात्रीसाठी. पुण्यात या कंपनीचं मोठं अभियांत्रिकी केंद्र आहे. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट याच कंपनीने उपलब्ध करून दिले आणि लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं वापरले.

रेड हॅट फार दूरची वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचर बनवण्याचा कारखाना होता. त्या कारखान्यासाठी मनाजोगं ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, मिळेना, म्हणून ते स्वतः लिहायला बसले. २००८ मध्ये त्यांनी वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली, तीच आजची फ्रापे. तिचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुलं आहे: खरेदी, साठा, उत्पादन, खातेवही, सगळं. ते उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवलं तर कंपनीला एक रुपयाही द्यावा लागत नाही. कंपनी कमावते ते आपल्या क्लाउडवर ते चालवून देण्याचे, अडचण सोडवण्याचे आणि भागीदार संस्थांच्या जाळ्यातून येणारे पैसे. ‘ईआरपीनेक्स्ट’ हे नाव मात्र तिचं आहे. कोडची नक्कल करता येते, नावाची नाही. झिरोधासारखी देशातली आघाडीची ब्रोकर कंपनी हे सॉफ्टवेअर वापरते आणि तिच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेने फ्रापेमध्ये गुंतवणूकही केली. त्याच झिरोधाने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपला धंदा ज्या पायावर उभा आहे त्याचा खर्च उचलणारी ही कंपनी दानशूर म्हणून नव्हे, शहाणी म्हणून मला महत्त्वाची वाटते.

या विक्रीपद्धतीचा कारखान्याला होणारा एक फायदा फारसा कुणी बोलत नाही. बंद ईआरपी बहुधा माणशी दराने विकलं जातं. मग मालक दोन-तीन लॉगिन घेतो आणि काट्यावरचा माणूस, स्टोअरकीपर, भट्टीवरचा सुपरवायझर, मुनीम, सगळे एकच पासवर्ड वापरतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहणं कायद्याने सक्तीचं झालं आहे. चार माणसं एकाच नावाने आत शिरत असतील तर ती नोंद काय सांगणार? स्पंज आयर्नच्या गाडीचं वजन कुणी बदललं, हे त्या नोंदीतून कळलं पाहिजे. ईआरपीनेक्स्टला माणसं मोजायची नसतात, म्हणून प्रत्येकाला आपल्या नावाचं लॉगिन देता येतं. धंदा कोणत्या गोष्टीचे पैसे घेतो, यावर कारखान्याची शिस्त ठरते ती अशी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फुकटच्या वस्तूला वाली नसतो. याला आधार आहे आणि तो मी लपवणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आली, तेव्हा जगातल्या असंख्य संकेतस्थळांचं कुलूप ज्यावर अवलंबून होतं त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती, हेही उघड झालं. ज्यांचे अब्जावधींचे व्यवहार त्यावर चालत होते त्यांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण यातून ‘ओपन सोर्स नको’ असा निष्कर्ष कसा निघतो? निघतो तो असा की ओपन सोर्सला धंदा हवा, पगारी माणसं हवीत, वर्षाचा करार हवा. वाली नसण्याचं कारण कोडचं उघडेपण नव्हतं. फुकट मिळतंय तर घ्या, ही वापरणाऱ्यांची वृत्ती होती.

आपल्याकडे निगेची गरज तर पदोपदी. जीएसटी जुलै २०१७ मध्ये आला, ई-वे बिल २०१८ मध्ये, आणि ई-इन्व्हॉइसची मर्यादा उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींच्या उलाढालीवर आली. प्रत्येक फेऱ्यात सॉफ्टवेअर बदलावं लागलं. २०२२ मध्ये ईआरपीनेक्स्टच्या मूळ कोडमधून भारतातल्या करांचा भाग वेगळा काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ हे स्वतंत्र ॲप झालं. त्याची निगा फ्रापे नव्हे, रेझिलिएंट टेक ही दुसरीच कंपनी राखते, आणि तेही खुल्या परवान्याखाली. म्हणजे इथे वाली एकाहून अधिक आहेत. बंद सॉफ्टवेअरला वाली एकच असतो. तो विकला गेला, थकला किंवा त्याने दर वाढवला की दुसरं दार नसतं.

याच्याच जोडीला उरल्यात ऐकू येणारी एक भीती मला पूर्ण समजते: कोड उघडा, तर माझे दर, माझी गिऱ्हाइकं, माझं भट्टीतलं मिश्रण शेजाऱ्याला दिसेल काय? नाही. उघडा असतो तो प्रोग्राम. त्यात भरलेली माहिती तुमच्या सर्व्हरवर, तुमच्या कुलपात. तुम्ही आपल्यापुरता कोड बदललात आणि कुणाला वाटला नाहीत, तर तो बदलही उघड करण्याची सक्ती जीपीएल करत नाही.

तिसरा आक्षेप खुद्द ओपन सोर्स कंपन्यांचा आहे, आणि मला तोच सर्वांत घातक वाटतो. त्या म्हणतात, आम्ही राबतो आणि ॲमेझॉनसारखे मोठे क्लाउडवाले आमचा कोड उचलून भाड्याने देतात. म्हणून परवाना आवळण्यावाचून गत्यंतर नाही. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने २०१८ मध्ये आवळला, इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. तक्रार खोटी नाही. दुसऱ्याच्या कष्टावर भाडं खाणं हे भाडं खाणंच.

पण उपायाने साधलं काय? इलॅस्टिकचा कोड जिथे उघडा होता तिथून उचलून ॲमेझॉनने ओपनसर्च काढलं आणि ते पुढे लिनक्स फाउंडेशनकडे गेलं. रेडिसच्या बाबतीत तर काही दिवसांतच व्हॅल्की उभं राहिलं, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मवरून ओपनटोफू. ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिक आणि मे २०२५ मध्ये रेडिस एजीपीएल या खऱ्या खुल्या परवान्याकडे परतल्या. ज्यांना अडवायचं होतं ते अडले नाहीत. दुखावले ते वर्षानुवर्षं चुका शोधून, दुरुस्त्या पाठवून कोड सुधारणारे बाहेरचे लोक.

मोंगोडीबीचं उदाहरण माझ्या विरुद्ध जातं, असं कुणी म्हणेल. ती परतली नाही आणि तिचा धंदा पुढेही वाढला, हे खरं आहे. पण ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्ये तिच्या डेटाबेसशी जुळणारा डॉक्युमेंटडीबी स्वतःचा म्हणून बाजारात आणलाच. परवान्याने प्रतिस्पर्धी थांबला नाही. कंपनी टिकली ती आपल्या सेवेच्या बळावर. तेच मी म्हणतोय. सेवेच्या बळावर जगता येत असताना लोकांच्या सहभागातून वाढलेली गोष्ट मागाहून कुंपणात घेणं ही मला वचनभंगाची गोष्ट वाटते. रेड हॅटलाही मी यातून सोडत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस लिनक्स गुंडाळण्याची घोषणा आणि जून २०२३ मध्ये आपल्या प्रणालीचा सोर्स ग्राहकांपुरता मर्यादित ठेवणं, या दोन्ही निर्णयांनी तिने अनेकांचा विश्वास गमावला.

शेवटचे आक्षेपक दुसऱ्या टोकाचे. त्यांच्या मते मुक्त सॉफ्टवेअरवर पैसा कमावणं हेच पाप. त्यांना एवढंच सांगावं लागेल की ही चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ च्या सुमारास आपल्या ईमॅक्स या प्रोग्रामची टेप १५० डॉलरना विकली होती, आणि १९८९ मध्ये सिग्नस ही कंपनी मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारसेवेवरच उभी राहिली.

आक्षेपांचं खंडन झालं, आता मंडन. उरल्यातल्या मिलमालकाने काय करावं? पहिलं म्हणजे फुकट म्हणून घेऊ नये. भाचा संगणक शिकलाय, तो बसवून देईल, या भरवशावर बसवलेलं ईआरपी पहिल्या मार्चअखेरीला कोसळतं. वर्षाचा करार करावा आणि पैसे द्यावेत. करारात मात्र लिहून घ्यावं की आपल्यासाठी लिहिलेला सगळा कोड आपल्या ताब्यात मिळेल, माहितीची संपूर्ण प्रत रोज आपल्याकडे उतरेल, मूळ ईआरपीनेक्स्टला हात न लावता फेरफार वेगळ्या ॲपमध्ये होतील, आणि नवी आवृत्ती आल्यावर ती चढवून देणं हे त्याच पैशांत असेल. यातली मूळ कोडची अट बहुतेक जण विसरतात. मूळ कोड कापून बदल करणारा माणूस निघून गेला की नवी आवृत्ती चढवता येत नाही, आणि खुलं सॉफ्टवेअर घेऊनही कारखाना अडकतो.

दुसरं, ही कामं करणारी माणसं रायपुरातच तयार होऊ शकतात. इथे एनआयटी आहे, नव्या रायपुरात ट्रिपलआयटी आहे. बंद सॉफ्टवेअरची एजन्सी घेतलेल्या तरुणाला कमिशन मिळतं. आतलं यंत्र त्याला कधी दिसत नाही. ईआरपीनेक्स्ट शिकायला मुंबईची परवानगी लागत नाही. भिलाईचा, दुर्गचा, नागपूरचा दोघा-तिघांचा गट हा कोड वाचून, मिल समजून घेऊन आपली कंपनी काढू शकतो. असे दहा गट निघाले तर मालकाला निवड मिळते आणि दरही आटोक्यात राहतात.

तिसरी सूचना वसाहतीतल्या मालकांना मिळून. हीटगणिक हिशेब, म्हणजे स्पंज आयर्न किती, भंगार किती, वीज किती युनिट, बिलेट किती निघाले, मिसरोल (रोलिंगमध्ये फसलेला माल) आणि एंड कटिंग (टोकाचे तुकडे) किती गेलं, हे प्रत्येक मिलला लागतं आणि सगळीकडे जवळजवळ सारखंच लागतं. प्रत्येकाने ते वेगळं लिहून घेणं हा उघड अपव्यय. आठ-दहा मिलनी खर्च वाटून घ्यावा, एका गटाकडून हे ॲप लिहवून घ्यावं आणि ते खुल्या परवान्याखाली ठेवावं. शेजाऱ्याला माझ्या पैशाचा फायदा का द्यायचा, असं कुणी विचारेल. सळईच्या भावात स्पर्धा करा, गाडी लवकर लावण्यात करा. हीटच्या रजिस्टरमध्ये स्पर्धा करून आजवर कुणाचा टन जास्त विकला गेलेला नाही. शेजाऱ्याच्या मुनिमाने त्यात एक चूक पकडली, तर दुरुस्ती तुमच्याकडेही येईल. आणि कायदा बदलेल तेव्हा त्या बदलाचं बिल एकट्याच्या नावावर फाटणार नाही.